इलेक्ट्रॉनिक टॅग बसवायचा की नाही? आधी भोक कसं पडतंय ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीसेक संकरित गाईंचा मुक्त संचार गोठा, म्हणजे गाई न बांधता आत मोकळ्या फिरतात. गेल्या पावसाळ्यात गावात मोहीम आली तेव्हा सगळ्यांना सरकारी पिवळे बिल्ले मारले. एका गाईचा कान सुजला, पू झाला, किडे पडले आणि शेवटी बिल्ला कानाची कड फाडून पडला. आता गोठ्याचं सॉफ्टवेअर विकणारे लोक म्हणतायत की सगळ्या गाईंना इलेक्ट्रॉनिक टॅग बसवा. प्रश्नकर्त्यांनी ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतल्या, मांसासाठी पाळलेल्या जनावरांना असे टॅग मारतानाचे व्हिडिओ पाहिलेत आणि ते बघून त्यांचं मन धजत नाहीये. मुक्या जनावराला पुन्हा भोक पाडायचं का, चिपमुळं कॅन्सर होतो का, दूध कमी होतं का, असं त्यांनी विचारलंय.

यात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्यात, त्या आधी सोडवून घेऊ. तुमच्या गाईला झालेला त्रास चिपचा नव्हता, कारण त्या पिवळ्या बिल्ल्यात चिप नसतेच. त्यावर बारा अंकी नंबर आणि बारकोड छापलेला असतो, बस्स. त्रास झाला तो भोकाचा. इलेक्ट्रॉनिक टॅगलाही भोक लागतंच. त्यामुळं खरं विचारायचं ते हे, की भोक कुठं, कधी, कुणी आणि कशानं पाडलं, आणि त्या भोकाच्या बदल्यात जनावराला काय मिळालं. माझं मत आधीच सांगून टाकतो. टॅग वाचायचं यंत्र तुमच्या गोठ्यात येणार असेल आणि ते रोजच्या वापरात राहणार असेल, तर टॅग जरूर बसवा. नुसते टॅग मारून, फोटो काढून माणसं निघून जाणार असतील, तर दुसरं भोक पाडू नका.

आता चिपची भीती. गुरांच्या कानातल्या साध्या इलेक्ट्रॉनिक टॅगमध्ये तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं आणि एक छोटीशी चिप असते. बॅटरी नसते. रीडर, म्हणजे टॅग वाचायचं यंत्र, जवळ नेला की त्याच्या १३४.२ किलोहर्ट्झच्या लहरींवर चिप क्षणभर जागी होते, आपला पंधरा अंकी नंबर सांगते आणि गप्प होते. हातातला रीडर हात-दीड हात लांब गेला की तेवढंही बंद. एरवी वर्षानुवर्षं ती चिप कानात स्वतःहून काहीही बाहेर सोडत नाही, गरम होत नाही. कॅन्सरची भीती बाळगावी असं मला त्यात काही दिसत नाही. गाय कुठं चरतेय हेही त्यातून कळत नाही. त्यासाठी जीपीएसचे टॅग वेगळे येतात, बॅटरीचे किंवा सौर पट्टीचे. ते मात्र वजनाला जड असतात, आणि तिथं जनावराच्या त्रासाचा मुद्दा खरा आहे. जड टॅगनं कान लोंबतो, गाय मान झटकत राहते, माश्या उडवताना तो टॅग हेलकावे खातो आणि भोक हळूहळू मोठं होत जातं. तुम्हाला दाखवायला आणलेला टॅग कोणत्या जातीचा आहे, हे म्हणूनच आधी हातात घेऊन बघा.

दुधाचं म्हणाल तर टॅग मारल्यावर एखाद-दोन धारांना दूध कमी येतं, हे मी पाहिलंय आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. त्यामागं चिप नसते, घाबरणं असतं. अनोळखी चार माणसं गोठ्यात शिरली, नाकपुड्या धरल्या, मान वाकवली, की गाय पान्हा चोरणारच. त्यातही धार काढायच्या वेळेला किंवा धारेच्याच जागेवर टॅग मारला तर ती त्या जागेचाच धसका घेते. टॅगिंग कधीही धारेनंतर, धारेच्या जागेपासून लांब आणि गोठ्यातल्या रोजच्या माणसाच्या हातात दावं ठेवून करायचं. एवढं पाळलं तर दूध लगेच मूळ पदावर येतं. आठवडाभर कमीच राहिलं तर टॅगला दोष देऊन मोकळे होऊ नका. कास, ताप, रवंथ तपासून घ्या.

दुखतं का? दुखतं. कानाला भरपूर संवेदना असते. टॅग बसतो त्या क्षणी गाय डोकं झटकते, मग काही वेळ कान हलवत राहते, गव्हाणीला घासायला बघते. पण नीट मारला असेल तर थोड्या वेळात वैरणीला तोंड लावते. तापलेल्या लोखंडाच्या डागाशी याची बरोबरी होत नाही. ती जखम भरायला दोन-दोन महिने लागतात. आपल्याकडं खुब्यात लंगडणाऱ्या बैलाला अजून डाग देणारे लोक आहेत आणि त्यातलेच काही जण बिल्ला मारायला गेलं की 'जनावराला कशाला छळता' म्हणतात. असो.

भूल देऊन टॅग मारावा का, असंही लोक विचारतात. मोठ्या जनावराला नेहमीच्या टॅगसाठी मी देत नाही. कानाच्या बुडाशी सुया टोचायच्या म्हणजे जास्त वेळ धरून ठेवणं आलं, आणि धरून ठेवण्याचा त्रास टॅगपेक्षा मोठा होतो. पण रुतलेला, पू झालेला टॅग काढायचा असेल तेव्हा भूल हवीच, आणि वर वेदनाशामकही. वेदनाशामक डॉक्टरांकडूनच घ्या. डायक्लोफेनॅक जनावरांना द्यायला २००६ पासून बंदी आहे, ते गिधाडांच्या जिवावर उठलं म्हणून. तरी कुणीतरी माणसांच्या दुकानातून आणून टोचतंच.

बाळाचे कान सोनारानेच टोचावेत म्हणतात. गाईच्या कानालाही तोच नियम लावा. तुमच्या गाईचा कान का चिघळला हे मला तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून ठाम सांगता येणार नाही, पण अशा कानांत नेहमी दिसणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत.

पहिली म्हणजे जागा. गाईचा कान हातात घेऊन अंगठा आतल्या बाजूनं फिरवा. कानाच्या लांबीतून जाणारे कूर्चेचे दोन कडक उंचवटे बोटाला लागतील. या दोन उंचवट्यांच्या मधला मऊ पट्टा ही टॅगची जागा, आणि तीही टोकाकडं नाही, कानाच्या मध्यापासून थोडी डोक्याकडं. कूर्चेतून टॅग गेला तर जखम भरत नाही, महिनोन् महिने चिघळत राहते. टोकाकडं मारला तर सोपं वाटतं, पण तोच टॅग तारेत, फांदीत अडकून कान फाडतो. कडेला मारला तर फाटायला फक्त एक बोट अंतर उरतं. शीर कुठून जाते ते कान उन्हाकडं धरला की आरपार दिसतं. गोठा अंधारा असेल तर कानामागं मोबाईलचा टॉर्च लावा. मोहिमेत दिवसभर गावभर फिरून टॅग मारणाऱ्या माणसाला हे सगळं माहीत असतं, पण खोडा नाही, गाय उड्या मारतेय, मालक दुसऱ्या गाईकडं धावलाय, अशात हाताला येईल तो कान धरून टॅग मारला जातो. दोष एकट्या त्याचा नसतो. त्या दिवशी गाई बांधून, कान पुसून, दाव्याला माणूस उभा करून ठेवणं मालकाच्या हातात असतं.

दुसरी म्हणजे ऋतू. पावसाळ्यात ओल, चिखल आणि माश्या. माशी ताज्या जखमेवर अंडी घालते आणि दिवसा-दोन दिवसांत आत अळ्या वळवळायला लागतात. तुमच्या गाईला किडे पडले ते यातूनच. लसीकरणाच्या वेळापत्रकामुळं सरकारी मोहिमेला नेहमी ऋतू निवडता येत नाही, पण तुमच्या खाजगी टॅगला येतो. दिवाळीनंतर ते संक्रांतीपुढं महिनाभर हा उत्तम काळ. पावसाळ्यात मारावाच लागला तर पुढचे आठ-दहा दिवस रोज कान बघायचा आणि माश्या बसू नयेत असा स्प्रे किंवा कडुनिंब-करंजाचं तेल जखमेभोवती लावायचं.

तिसरी गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. टॅग मारायच्या पकडीला अ‍ॅप्लिकेटर म्हणतात. एकाच अ‍ॅप्लिकेटरनं ओळीनं पन्नास कान टोचले जातात आणि त्याच्या सुईला रक्त लागतं. गोचीड तापाच्या गटातला रोगजंतू अ‍ॅनाप्लाझ्मा अशा रक्ताळलेल्या हत्यारांतूनही एका जनावरातून दुसऱ्यात जातो. शेजारची गाय आठवडाभर तापात असेल तर तिच्यानंतर लगेच तुमच्या गाईला तोच अ‍ॅप्लिकेटर लागू देऊ नका. एका वाटीत पोविडोन आयोडीन किंवा स्पिरिट ठेवा आणि प्रत्येक जनावरानंतर सुई पुसून त्यात बुडवायला सांगा. टॅगचं टोकही बुडवूनच आत जाऊ द्या. मागायला संकोच वाटण्यासारखं त्यात काही नाही.

टॅग मारताना काय बघायचं तेही सांगतो, म्हणजे शेजारी उभं राहून लक्ष ठेवता येईल. खिळ्याचा भाग कानाच्या मागून येतो, गोल भोकाचा भाग आतल्या बाजूला राहतो. इलेक्ट्रॉनिक बटण-टॅगमध्ये चिप या आतल्या भागातच असते, म्हणजे ती कानाच्या आडोशाला राहते आणि कमी आपटते. दोन्ही भाग समोरासमोर आहेत ना हे कान मधे न घेता एकदा दाबल्यासारखं करून बघतात. मग कान घेऊन एकच दाब, टक् आवाज होईपर्यंत, आणि लगेच हात मोकळा. घाबरत अर्धवट दाबला की खिळा कातडीतून जातो पण अडकत नाही, मग पुन्हा दाबावं लागतं, आणि जनावर बिथरतं ते तिथं. मारून झाल्यावर बोटानं टॅग फिरवून बघा. तो सैल फिरला पाहिजे आणि कान व टॅग यांच्यात हवा खेळेल एवढी फट दिसली पाहिजे. कालवडीच्या कानाला तर जास्तच, कारण कान अजून जाड व्हायचाय; आज घट्ट बसलेला टॅग वर्षभरात रुततो.

जातीवरही बरंच अवलंबून आहे, आणि इथं एकच नियम चालत नाही. खिल्लार आणि डांगीचा कान लहान, तिथं मोठा पानाएवढा टॅग जडच. गीर किंवा देवणीचा कान लांब, खाली लोंबणारा. त्यात टॅग नेहमीच्या अंतरावर मारला तर गाय गव्हाणीत तोंड घालते तेव्हा तो पहिल्यांदा कडेला लागतो. अशा कानात तो डोक्याच्या जवळ घेतलेला बरा. एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाईच्या कानात आतून केस दाट असतात, त्यात घाण साचते, म्हणून आधी कापसानं कान पुसून केस बाजूला करायचे.

आता तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओंकडं येऊ. तिथली परिस्थिती वेगळी आहे हे समजलं की तुमचा निर्णय सोपा होईल. ऑस्ट्रेलियात मांसासाठीची गुरं हजारो एकरांत मोकळी असतात. त्यांना दावं माहीत नसतं, माणसाचा हात माहीत नसतो. वर्षातून मोजक्या वेळा ती गोळा करून कुंपणाच्या अरुंद गल्लीतून सोडतात आणि ते गोळा करणं, कोंडणं, डोकं अडकवणं हाच त्यांच्यासाठी सगळ्यात मोठा ताण असतो. साधा बिल्ला असेल तर नंबर वाचायला प्रत्येकाचं डोकं यंत्रात धरावं लागतं. चिप असेल तर गल्लीच्या कडेला पट्टीसारखा रीडर लावतात, गुरं चालत जातात आणि नंबर आपोआप नोंदले जातात. म्हणून तिथं चिपनं जनावराचा त्रास खरोखर कमी होतो. व्हिक्टोरिया राज्यानं २००२ मध्येच सुरुवात केली आणि २००५ पासून ती देशभराची पद्धत झाली. अमेरिकेत उशीर झाला. एका राज्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या ठरावीक गटांतल्या गुरांचे सरकारी टॅग इलेक्ट्रॉनिक असलेच पाहिजेत हा नियम ५ नोव्हेंबर २०२४ पासून लागू झाला आणि त्याला पशुपालकांच्या काही संघटनांनी कडाडून विरोध केला. त्या विरोधाचा रोख मुख्यतः खर्च आणि सरकारी नजर यांवर होता.

मग त्या व्हिडिओत वासरं इतकी का ओरडतात? तिथं बहुतेक वेळा टॅग एकटा नसतो. एकदाच पकडलेल्या वासराला त्याच फेरीत लस, शिंगं काढणं, खच्चीकरण आणि काही ठिकाणी डागही देतात. आपल्याला दिसतो टॅग, कारण तो पिवळा-केशरी चमकतो. मला विचाराल तर तिथल्या जनावरांच्या हिताचा मोठा वाद टॅगवर नाही, या बाकीच्या कामांना वेदनाशामक देतात की नाही यावर व्हायला हवा.

आपल्याकडची गाय दावणीला उभी राहते, नावानं हाक मारली की कान टवकारते. तिचा नंबर वाचायला तिला कोंडावं लागत नाही. दहा गाईंच्या बांधीव गोठ्यात म्हणूनच चिपचा जनावराला जवळपास काही फायदा नाही. तिथं मालकाची वही पुरते. पण तुमचा गोठा मुक्त संचाराचा आहे आणि गाई तीस. अशा गोठ्यात गाबण तपासणी, रेतन, औषधोपचार यांसाठी 'ही ती का' म्हणत गाईंच्या मागं पळणं, चुकीची गाय धरणं, चिखल लागलेला बिल्ला खरवडून वाचणं हे रोजचं असतं. मस्टायटिसचं (कासदाहाचं) औषध चालू असलेल्या गाईचं दूध चुकून कॅनमध्ये जाणं हाही त्यातलाच प्रकार. धारेच्या जागेवर रीडर असेल, गाय आत आली की नंबर आणि तिचं औषध-दूध-रेतनाचं टिपण समोर येत असेल, तर गाईला धरपकड कमी होते. हा फायदा खरा आहे. त्याची किंमत म्हणून एक नीट पाडलेलं भोक मला मान्य आहे.

त्या कंपनीला म्हणून एवढं विचारा. रीडर कोण देणार, किती दिवसांत, बिघडला तर कोण बघणार. टॅग आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या आंतरराष्ट्रीय मानकांचा आहे का. नसेल तर उद्या कंपनी बदलली की तुमचे टॅग दुसऱ्याच्या रीडरला वाचताच येणार नाहीत आणि पुन्हा नवी भोकं. टॅगचं वजन किती. पडला तर बदलून देणार का. आणि टॅग मारायला येणारा माणूस पशुवैद्यक किंवा शिकलेला पर्यवेक्षक आहे की विक्रीवाला मुलगा. या शेवटच्या प्रश्नाला अडखळले तर तिथंच थांबा. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून टॅग मारून घ्या, टॅग फक्त कंपनीचा असू दे.

सरकारी पिवळा बिल्ला मात्र काढू नका. इलेक्ट्रॉनिक टॅग आला म्हणून तो बारा अंकी नंबर रद्द होत नाही. लसीकरण, विमा, नुकसानभरपाई सगळं त्याच नंबरावर चालतं, आणि महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. नवा टॅग दुसऱ्या कानात घ्या. एकाच कानात दोन टॅग एकमेकांवर घासत राहतात.

भोकच नको असेल तर गळ्यातला पट्टा हा पर्याय आहे. माज, रवंथ, हालचाल सांगणारे पट्टे आता आपल्याकडंही मिळतात. महाग पडतात, पण काढता येतात, दुसऱ्या गाईला घालता येतात. पट्टा वेळोवेळी सैल करून खालची कातडी बघावी लागते, नाहीतर तिथं वेगळी जखम. पोटात सोडायचा सिरॅमिकचा बोलसही असतो, म्हणजे आत चिप असलेली जड गोळी. तो पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात बसून राहतो, कानाला काही होत नाही. आपल्याकडं मात्र तो सहज मिळत नाही आणि घशातून घालायला सरावाचा हात लागतो. कातडीखाली टोचायची मायक्रोचिप कुत्र्या-मांजरांना ठीक. गुरांत ती जागेवरून सरकते.

राहता राहिली ती कान फाटलेली गाय. अळ्या अजून दिसत असतील तर घरी टर्पेंटाईन ओतत बसू नका, ते उघड्या मांसावर आग करतं. डॉक्टरांना बोलावून अळ्या चिमट्यानं काढून घ्या, आणि आयव्हरमेक्टिन हे अळ्या मारणारं औषध द्यायचं ठरलं तर दूध किती दिवस घालायचं नाही हे आधी विचारून घ्या. फाटलेल्या कडा कोरड्या झाल्या असतील तर शिवायची गरज नाही, कान तसाच भरतो. दुसऱ्या एखाद्या गाईचा टॅग रुतलेला दिसला तर ओढू नका. दोन भागांमधला दांडा कटरनं तोडला की दोन्ही तुकडे आपापल्या बाजूनं सुटतात. फाटलेल्या गाईचा जुना बारा अंकी नंबर लसीकरणाच्या नोंदीत किंवा विम्याच्या कागदावर सापडेल. तो घेऊन दवाखान्यात जा आणि नवा बिल्ला त्याच जनावराच्या जुन्या नोंदीला जोडायला सांगा, नाहीतर कागदावर ती नवीनच गाय होते आणि तिची आधीची सगळी लसीकरणं हरवतात. नवा बिल्ला चांगल्या कानात, दिवाळी झाल्यावर. इलेक्ट्रॉनिक टॅग या गाईला या वर्षी तरी नको, तिला पट्टा घाला.